उकंडराव मोहोडांची मुलाखत

“मॅडम, ऐकू येतंय का माझं?” देशकर टेबलावर अर्धे वाकून ओरडले. व्हरांड्यातून चाललेला शिपाई दचकून दारात थांबला.

“ऐकू येत नाही, दिसतंय,” सिंधू म्हणाली. “ओरडू नका, देशकर. ओरडलं की तोंड वाकडं होतं आणि मग दिसतही नाही.”

देशकर ओशाळून मागे टेकले. ते विद्यापीठाच्या इतिहास विभागाचे प्रमुख होते आणि एकेकाळी माझ्या बायकोचे विद्यार्थी. समोर बसलेल्या बाईंनीच आपल्याला एम.ए.ला कामगार चळवळीचा इतिहास शिकवला आणि आज त्यांनाच घरी बसा म्हणायचं आपल्या नशिबी आलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येत होतं. त्यासाठी बहिरं असायची गरज नव्हती.

“प्रकल्प तुमचाच राहील,” ते आता सावकाश बोलू लागले. “नावही तुमचंच. मुलाखती फक्त दुसरं कोणी घेईल. तुम्ही घरी बसून मार्गदर्शन करायचं.”

“घरी बसून मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही.”

“पण मॅडम, सगळा प्रकल्प टेपरेकॉर्डरवरचा आहे. म्हाताऱ्या कामगारांनी बोलायचं आणि आपण ऐकायचं. समितीत प्रश्न निघाला, मी काय उत्तर देऊ?”

सिंधू म्हणाली, “एक मुलाखत मला घेऊ द्या. नाही जमली तर मी आपण होऊन सही करून देईन.”

“कोणाची?”

“उकंडराव मोहोड. धामणीचे.”

देशकरांचा चेहरा पडला. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि आवाज अगदी खाली आणला. “राजूरकर साहेब, आमचा एक मुलगा जाऊन आला तिथे. म्हातारा भ्रमिष्ट झालाय. भिंतीकडे बघून हातवारे करतो. तुम्ही तरी समजवा बाईंना.”

“भ्रमिष्ट आहे की नाही ते मी बघीन,” सिंधू म्हणाली. “आणि हळू बोललात म्हणून फरक पडत नाही. ओठ तेवढेच हलतात.”

या गोष्टीला आता वीसहून जास्त वर्षं झाली. मी तेव्हा बँकेतून नुकताच निवृत्त झालो होतो. सिंधूची निवृत्ती दोनेक वर्षांवर होती. आमच्या लग्नाच्या वेळी, म्हणजे साठच्या दशकात, तिने पीएच.डी.साठी गिरणी कामगारांच्या संघटना हा विषय घेतला, तेव्हा तिच्या मार्गदर्शकांनी विचारलं होतं, “यात इतिहास कुठला?” इतिहास म्हणजे राजे, लढाया, फार तर काँग्रेस. सिंधूने वाद घातला नाही. सायकल काढली आणि वऱ्हाडातल्या जिनिंग प्रेसच्या वस्त्या आणि गिरण्यांच्या चाळी पालथ्या घालायला सुरुवात केली. खांद्याला पिशवी आणि हातात वही असलेली बाई दिसली की चाळीतल्या बायका दार लावून घेत, कारण त्यांना ती कुटुंब नियोजनवाली वाटायची. मग ही ओट्यावरच बसायची. कोणाची डाळ निवडून दे, कोणाचं लेकरू सांभाळ. तासाभराने आतून पाणी यायचं आणि पाण्याच्या मागून गोष्टी.

तिचं पहिलं पुस्तक होतं ‘धामणीचा संप’. धामणीला पूर्वी रुक्मिणी मिल नावाची कापड गिरणी होती. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-चार वर्षांत मालकाने हुकूम काढला, की प्रत्येक विणकराने दोनऐवजी चार साचे चालवायचे. साचा म्हणजे गिरणीतला माग. युनियनचे पुढारी तेव्हा तुरुंगात होते. सभा झाली नव्हती, पत्रक निघालं नव्हतं, तरी एका दुपारी साचेखात्यातले झाडून सगळे साचे एकदम बंद पडले. संप दीड महिना चालला आणि कामगार जिंकले. मागाहून चौकशी बसली. एकेका विणकराला शपथ घालून विचारलं, काम बंद करा असं कोण बोललं? प्रत्येकाने एकच उत्तर दिलं, “कोणी काही बोललं नाही.” ते चौकशीचे कागद सिंधूने कुठल्याशा सरकारी खोलीत धुळीने खोकत वाचून काढले आणि पुस्तकात लिहिलं, “धामणीच्या विणकरांनी शपथेवर एक खोटं सांगितलं आणि ते खोटं प्राणपणाने जपलं.” हे वाक्य पुढे फार गाजलं. मुलं परीक्षेत ते लिहायची.

मग पन्नाशी उलटल्यावर सिंधूला ताप आला. मुदतीचा म्हणता म्हणता लांबतच गेला आणि उतरला तेव्हा दोन्ही कान घेऊन गेला. कानाची नस वाळली आहे, यंत्राचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी मला सांगितलं आणि मी पाटीवर लिहून तिला. तिने पाटी वाचली, पुसली आणि लिहिलं, “भूक लागली आहे.”

ती रडली नाही असं नाही. कॅसेटांचं कपाट उघडून ती एकेक कॅसेट हातात घेऊन बसायची. वरची नावं वाचायची. ज्यांची नावं ती, त्यातले निम्मे कधीच गेलेले. त्यांचे आवाज तिच्या हातात होते आणि तिच्यापर्यंत पोचत नव्हते. ते बघवत नसे मला. पण एक दिवस ती न्हाणीघरातला आरसा काढून जेवणाच्या टेबलावर घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसून बाराखडी म्हणायला लागली. ओठ कसे हलतात ते बघत. मग आमच्या तोंडांकडे बघत. मग टीव्हीवरच्या बातम्यांकडे. प आणि ब सारखेच दिसतात, क आणि ग तर दिसतच नाहीत, ते वाक्यावरून ताडायचे, असे तिचे शोध रोज माझ्या कानावर पडायचे. एकदा वैतागून म्हणाली, “सगळ्यांचं कळायला लागलंय. फक्त तुमचं कळत नाही. त्या मिशीत सगळं अडकतं.”

कॉलेजपासूनची माझी मिशी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती काढून टाकली. न्हाणीघरातून बाहेर आलो तेव्हा सिंधू चहा गाळत होती. तिने वर पाहिलं, हातातलं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, “आता काहीतरी बोला.”

मी चहाकडे पाहिलं. शेवटी म्हणालो, “साखर कमी घाल.”

“कळलं,” ती म्हणाली. आणि मग मात्र तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

तर, धामणी. आम्ही सकाळच्या एस.टी.ने निघालो. टेपरेकॉर्डर माझ्या मांडीवर. तिचे कान व्हायचं, उत्तरं ओठांनी तिला सांगायची, एवढं माझं काम. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही असं सगळे सांगतात तोच माणूस तिने का निवडला, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती खिडकीबाहेर बघत राहिली. बहिऱ्या माणसाला उत्तर टाळायचं असलं की फार सोपं असतं.

गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. धुराड्याच्या फटीतून पिंपळ वर आला होता. चाळ मात्र नांदती होती. मोहोडांच्या दारात त्यांची सून चंद्रकला वाळवणाला बसली होती. चाळिशीची, रापलेली, बोलायला मोकळी बाई.

“तुमी बी त्याईलेच भेटाले आल्या काय?” ती उठून हात पुसत म्हणाली. “मांगं एक पोट्टा आलता मशिन घेऊन. गेला बिचारा तसाच. मामाजी बोलत नाई जी कोनाशी. आयकूच येत नाई. डोस्कंही ठिकानावर नाई आता. निस्ते हात हालवतात, तोंड हालवतात. हे म्हनतात, पुढच्या हप्त्यात नागपूरले नेऊ, डोस्क्याच्या डाक्टरले दाखवू.”

“कधीपासून असं?” मी विचारलं.

“सासूबाई होत्या तवा बरे होते. तिले समजे सारं त्याईचं. मंग तेच आमाले सांगे, तुहा बाप असा म्हनते, तसा म्हनते. ते गेली अन् हे असे झाले. म्या लय वरडून पायलो, घसा फाटला माहा. ते निरा घाबरतात.”

आत खाटेवर उकंडराव बसले होते. धोतर, बंडी, तासलेली स्वच्छ हनुवटी. आम्ही आलेलं त्यांना कळलं नव्हतं. नजर समोरच्या भिंतीवर, ओठ भराभर हलत होते, आवाज नाही. मधेच उजवा हात वर जायचा, बोटं कशावरून तरी फिरायची, खांद्यामागे उडायची. खरं सांगतो, मला पाहवेना. मी टेपरेकॉर्डर सुरू करून खिडकीत ठेवला तो केवळ ठेवायचा म्हणून.

सिंधूने स्टूल ओढलं. आधी दारासमोर ठेवलं, मग विचार करून अशा जागी सरकवलं की उजेड तिच्या तोंडावर पडावा. ती बसली. त्यांच्या गुडघ्याला हात लावला. त्यांनी दचकून पाहिलं. आणि तिने तोंड उघडलं, बोलली, पण आवाज काढला नाही. ओठ मात्र मोठे मोठे हलवत होती. तेवढं मलाही वाचता आलं.

“मोहोड. मी सिंधू. अमरावतीहून आले.”

म्हाताऱ्याचे हात हवेतच थांबले. मग हळूहळू खाली येऊन मांडीवर टेकले. कितीतरी वेळ ते तिच्या तोंडाकडे नुसते बघत राहिले. चंद्रकला माझ्यामागे दाराला धरून उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग त्यांनी दोन बोटं डाव्या खांद्यावर आपटली आणि भुवया उंचावल्या.

सिंधूला कळलं नाही. तिने तळहात उलटा करून विचारलं, काय? त्यांनी ओठांनी सावकाश तेच पुन्हा सांगितलं. आणि सिंधू हसली.

“विचारतायत, साच्यांच्या कोणत्या लाइनीतली तू?” ती मला म्हणाली. “मी त्यांच्यासारखीच साच्यावर कामाला होते असं वाटतंय त्यांना. आणि नवल करतायत, बायका साच्यावर कधीपासून आल्या म्हणून.”

तिने मान हलवून नाही सांगितलं, कानांकडे बोट दाखवून हात झटकला. गेले. म्हाताऱ्याने आपल्या कानांकडे बोट नेलं आणि अगदी तसाच हात झटकला. मग दोघंही हसले, जुने ओळखीचे भेटल्यासारखे.

त्यानंतर जे सुरू झालं ते मी फक्त पाहिलं. खोलीत पंख्याच्या घरघरीशिवाय आवाज नाही आणि दोन माणसं एकमेकांना तोंडभरून बोलतायत. तो एवढ्या वेगाने बोलायचा की सिंधू मधेच त्याचा हात धरून थांबवायची. हाताची एखादी खूण कळली नाही की विचारायची, तो ओठांनी सांगायचा, ही लगेच ती खूण करून बघायची. तो नापसंतीने मान हलवून तिची बोटं नीट वाकवून द्यायचा. अधूनमधून तिला माझी आठवण व्हायची आणि ती मोठ्या आवाजात, बहिऱ्या माणसांना अंदाज राहत नाही तशा आवाजात, मला सांगायची.

“साचे सुरू झाले की कानाशी तोंड नेलं तरी ऐकू यायचं नाही म्हणे. म्हणून साचेखात्यातली सगळी बोली ओठांची आणि हातांची. चार-पाच वर्षांत कान जायचेच, कोणी त्याचं मनावर घ्यायचं नाही. कामावर त्यांची गरज नव्हती. मग घरीही आवाज काढायची सवय सुटायची.”

म्हातारा माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला. आपल्या वरच्या ओठावरून बोट फिरवलं.

“म्हणतायत, हा तुझा नवरा मात्र साच्यावरचा दिसतो. मिशी नाही.” सिंधू हसू आवरत होती. “साच्यावरचे लोक मिशी ठेवत नसत. समोरच्याला ओठ दिसायला हवेत ना. जॉबर तेवढा ठेवायचा. म्हणून जॉबरचं म्हणणं कधी कोणाला कळायचं नाही!”

जॉबर म्हणजे मुकादम. त्याची खूण हवेत पीळ भरलेली मिशी. ती मीही शिकलो.

“बाई,” चंद्रकला पुढे आली. तिने सिंधूला हात लावून तिचं तोंड आपल्याकडे वळवून घेतलं आणि विचारलं, “मामाजी खरंच बोलून रायले काय? काय म्हनतात?”

“गिरणीतलं सांगतायत. डोकं अगदी ठिकाणावर आहे त्यांचं,” सिंधू म्हणाली. “ते बोलतच होते, चंद्रकलाबाई. तुमच्या सासूबाईंना ही बोली येत होती. त्या गेल्यावर घरात ती कळणारं कोणी उरलं नाही. म्हणून भिंतीशी बोलायचे.”

“सासूबाई बाबीण खात्यात होत्या गिरणीतच, सूत गुंडाळाले,” चंद्रकला पुटपुटली. मग ती मटकन खाली बसली. वाळवण पडलं होतं, चूल पडली होती, पण त्यानंतर ती तिथून उठली नाही.

सिंधूने संपाचं विचारलं. म्हाताऱ्याने आधी दाराकडे पाहिलं. पन्नास वर्षांनंतरही. मग खाटेवर मांडी सारखी केली आणि सांगायला लागला. मी ते त्या दिवशी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं, नंतर सगळं सिंधूकडून.

चार साच्यांचा हुकूम भिंतीवर लागला होता. पुढारी आत होते. गेटावर दोन माणसं उभी राहून बोलली तरी त्यांना हाकलत होते. त्या दुपारी वीव्हिंग मास्तर, म्हणजे साचेखात्याचा साहेब, आणि जॉबर चार साच्यांची नवी मांडणी बघत साचेखात्यातून चालले होते. उकंडराव तेव्हा विशीतले. जॉबर त्यांच्या पुढून गेला, पाठ वळली आणि यांनी आपला साचा बंद केला. शेजारच्याने पाहिलं. यांनी मूठ खाली दाबली, दोन्ही तळहात उघडून दाखवले आणि एक बोट खांद्यामागे उडवलं. बंद कर. हात रिकामे. पुढे सांग. शेजारच्याने त्याच्या शेजाऱ्याला सांगितलं. जॉबर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालला होता आणि त्याच्या पाठीमागे एकेक लाइन बंद पडत येत होती. आवाज कमी होतोय हे जॉबरच्या ध्यानात यायला वेळ लागला. वळला तेव्हा सगळे विणकर हात उघडे धरून उभे होते.

“तुम्हाला कसं कळलं सगळे बंद झाले ते?” सिंधूने विचारलं. तेव्हाही त्यांना नीटसं ऐकू येत नव्हतं.

म्हातारा खाटेवरून खाली उतरला. अनवाणी पाय जमिनीवर पसरून टेकवले, डोळे मिटले. मग ओठ हलले.

“फरशी थांबली,” सिंधूने मला सांगितलं, आणि या वेळी आवाज मोठा नव्हता. “साचे चालू असताना फरशी पायाखाली सारखी हादरायची. तो म्हणतो, ती थांबली. गिरणीत आल्यापासून पहिल्यांदा.”

मग त्याला चौकशी आठवली आणि तो खदखदून हसायला लागला. हसायला मात्र त्याला आवाज होता. गीतेवर हात ठेवायला लावून साहेबाने प्रत्येकाला विचारलं, काम बंद करा असं कोण बोललं? आणि प्रत्येकाने सांगितलं, कोणी काही बोललं नाही. त्याने हात जोडून, डोळे वर करून ते सभ्य तोंड करून दाखवलं. खोटं कुठं होतं त्यात? कोणी बोललंच नव्हतं!

सिंधू इतक्या मोठ्याने हसली की शेजारच्या दोन बायका दारात आल्या. हसता हसताच ती थांबली. मला वाटलं खोकला लागला. पण ती म्हाताऱ्याकडे वळून काहीतरी सावकाश सांगत होती. ते मला वाचता आलं. मी पुस्तक लिहिलं. त्यात लिहिलं, तुम्ही खोटं बोललात म्हणून. सगळे मला खरं सांगत होते, मला कळलं नाही.

उकंडरावांनी थोडा विचार केला. मग तिच्या मनगटावर थोपटलं आणि काहीतरी म्हणाले. मी विचारलं, काय म्हणाले, तर तिने सांगितलं.

“म्हणाले, तवा तुले आयकू येत होतं ना.”

निघताना ऊन कलायला आलं होतं. चंद्रकला चाळीच्या तोंडापर्यंत पोचवायला आली. शेवटी सिंधूचा दंड धरून तिने विचारलं, “बाई, म्या बोललो तर कळन काय त्याईले?”

“समोर बस. तोंडावर उजेड येईल अशी बस. आणि ओरडू नकोस,” सिंधू म्हणाली.

परतीच्या गाडीत ती आपण होऊन बोलायला लागली. खूप वर्षांपूर्वी, पहिल्या पुस्तकाच्या वेळी, ती उकंडरावांकडे गेली होती. घरात ते एकटेच होते. ते असेच तिच्यासमोर बसून ओठ हलवत होते आणि तिला वाटलं, हा माणूस जप करतोय. जपात व्यत्यय नको म्हणून वही मिटून ती नमस्कार करून उठून आली. “आणि परवा आरशासमोर बसले होते,” ती म्हणाली, “आवाज न काढता बाराखडी म्हणत. आरशात पाहिलं आणि एकदम ते तोंड आठवलं. तो जप नव्हता हो. ते मला मुलाखत देत होते.”

गाडीत अंधारत आलं होतं, बोललो असतो तरी तिला दिसलं नसतं. तिचा हात धरून बसलो.

समितीच्या बैठकीला मीही गेलो, कॅसेट घेऊन. देशकरांनी ती लावली. आधी पंख्याची घरघर. मग पंख्याची घरघर. मग मधूनच सिंधूचा मोठा आवाज, तिचं हसणं, मग पुन्हा पंखा. समितीतले एक गृहस्थ दुसऱ्याकडे बघून हसले. देशकरांनी कपाळ पुसलं. “मॅडम, यात तर...”

“यात मुलाखत नाही, कारण ही मुलाखत घ्यायला हे यंत्र चालत नाही,” सिंधू म्हणाली. “मला व्हिडिओ कॅमेरा लागेल आणि तो धरणारा माणूस. वऱ्हाडातल्या बंद गिरण्यांमध्ये असे म्हातारे विणकर अजून असतील. घरच्यांनी वेडे ठरवलेले. आणखी काही वर्षांनी त्यातला एकही नसेल.”

“पण तुम्ही सांगता तेच ते बोलले, हे आम्ही कशावरून मानायचं?” हसणारे गृहस्थ म्हणाले. प्रश्न रास्त होता, मलाही तो पडला असता.

सिंधू उठली. “देशकर, तुम्ही आणि हे साहेब बाहेर हिरवळीवर जा. खिडकी लावून घ्या. तिथे काय हवं ते बोला.”

दोघं गेले. खिडकीच्या काचेपलीकडे उन्हात उभे राहिले. आतल्या लोकांना त्यांची तोंडं हलताना दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं. सिंधू काचेजवळ उभी राहून बातम्या सांगाव्या तशी सांगायला लागली.

“साहेब विचारतायत, आता काय बोलायचं. देशकर म्हणतात, काहीही बोला. साहेब म्हणतात, आज ऊन फार आहे. देशकर म्हणतात...” ती जरा थांबली. “देशकर म्हणतात, बाईंना नाही म्हणायचं असेल तर तुम्ही म्हणा, सर. मला जमणार नाही. एम.ए.ला माझी फी त्यांनी भरली होती.”

आत कोणी हसलं नाही. मी सिंधूकडे बघत राहिलो. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात ही फीची गोष्ट तिने मला सांगितली नव्हती.

देशकर आत आले, सगळ्यांची तोंडं बघून गोंधळले. कोणीतरी त्यांना काय झालं ते सांगितलं. एवढ्या लांबून ओठ दिसतील असं त्यांना वाटलं नव्हतं. ते लाल झाले, चष्मा काढून पुसत राहिले. ठराव दोन मिनिटांत झाला. हसणारे गृहस्थच सूचक.

त्यानंतर सिंधू सात-आठ वर्षं हिंडली. अकोला, अचलपूर, पुलगाव, पुढे खानदेशातही. निवृत्त झाली ते तिच्या ध्यानातही आलं नसावं. साचेखात्यातल्या बोलीवरचं तिचं पुस्तक आलं, त्याचं पुढे इतर भाषांत भाषांतरही झालं. परदेशातून लोक तिला भेटायला यायचे आणि मी नवा चष्मा लावून त्यांना चहा करून द्यायचो. त्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर तिने आपलं गाजलेलं वाक्य जसंच्या तसं छापलं आणि खाली लिहिलं, “हे वाक्य चूक होतं. धामणीचे विणकर शपथेवर खरं बोलले होते.” त्यावरही लोकांनी लेख लिहिले. इतिहासकार स्वतःला असं खोडत नाहीत म्हणे. सिंधू म्हणाली, मग काय करतात?

पण मला सांगायचं आहे ते कॅमेरा घेऊन धामणीला पहिल्यांदा गेलो त्या दिवसाचं. मधे दोन-अडीच महिने गेले होते. नागपूरच्या डॉक्टरांकडे नेणं राहूनच गेलं होतं, असं चंद्रकलेचं पत्र आलं होतं. आम्ही चाळीच्या कोपऱ्यावर पोचलो तो सिंधूने माझा हात ओढून मला थांबवलं.

उकंडराव ओट्यावर ताटावर बसले होते. अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, नळावर, चंद्रकला भांडी घासत होती. मधे चाळीतली पोरं धिंगाणा घालत होती, कोणाच्या तरी घरात रेडिओ ठणाणा वाजत होता. आणि त्या सगळ्या गोंगाटावरून ही दोघं बोलत होती. आवाज नाही. म्हाताऱ्याने ताटाकडे बोट दाखवून तोंड वाकडं केलं, काहीतरी म्हणाला. चंद्रकलेने राखेचे हात कमरेवर ठेवले, मान तिरकी केली आणि ओठांनी, एकेक शब्द सुटा करत, त्याला चांगलंच सुनावलं. म्हाताऱ्याने हात उडवला. तिने हवेत मिशी पिळून दाखवली. तो हसायला लागला.

“काय चाललंय?” मी सिंधूसमोर येऊन विचारलं.

ती त्या दोघांवरून नजर काढायला तयार नव्हती.

“भाजी खारट झालीय म्हणतो,” ती म्हणाली. “ती म्हणते, जॉबरगिरी करू नका, खायची तर खा.”